पडत राहण्याचे गणित



अंतराळयान निघाले की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर पडते: यान आता पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाबाहेर गेले. निवेदक ते बोलतो, वर्तमानपत्र ते छापते आणि शाळेतली हुशार मुलेही ते निबंधात लिहितात. या वाक्यामागे एक चित्र आहे. खाली ओढणारी पृथ्वी, वर कुठेतरी एक हद्द, आणि हद्द ओलांडली की निवांत तरंगणारे यान. हे चित्र मुळातच चुकीचे आहे. ते एकदा मनात बसले की ग्रह, चंद्र, उपग्रह यांच्याविषयी आपण पुढे जो विचार करतो तोही वाकडा जातो. म्हणून आज एकच मुद्दा पुराव्यानिशी मांडणार आहे. कक्षेतल्या वस्तूला कसलाही आधार नसतो आणि तिचे पडणे थांबलेले नसते. ती अखंड पडत असते. तिला जमिनीपासून वाचवतो तो तिचा आडवा वेग, आणि उंचीचा वाटा त्यात फार थोडा असतो.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचेच उदाहरण घ्या. ते जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे; मुंबईहून रस्त्याने सोलापूर जेवढे लांब, साधारण तेवढे. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचे तर जमिनीवरचा माणूस ६,३७१ किलोमीटरवर उभा असतो आणि स्थानकातला माणूस त्याहून जेमतेम सहा टक्के लांब. एवढ्याने गुरुत्वाकर्षण संपत नाही. तिथे ते जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असते. तेवढ्या उंचीचा मनोरा बांधता आला असता, तर ६० किलो वजनाच्या माणसाचे वजन त्याच्या माथ्यावर ५३ किलो भरले असते आणि तो तिथे आपल्यासारखाच पाय रोवून उभा राहिला असता. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला यांना स्थानकात तरंगताना आपण सगळ्यांनी पाहिले. ते तरंगत होते, कारण ते, त्यांच्या हातातली वस्तू आणि भोवतालच्या भिंती, सगळे एकाच दराने पडत होते. पडणाऱ्याला टेकायला जे काही आहे तेही त्याच्याबरोबर पडत असले, की वजन जाणवायला जागाच उरत नाही. स्थानकाचा सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त असलेला वेग एखाद्या जादूने शून्य केला, तर हवेचा अडथळा सोडून पाचेक मिनिटांत ते जमिनीवर आदळेल.

पण मग एरवी ते का आदळत नाही? याचे उत्तर न्यूटनने दोन आकड्यांत दिले आहे. जमिनीजवळ सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटर खाली येते. पृथ्वी गोल असल्यामुळे आठ किलोमीटर सरळ आडवे गेले, की तिचा पृष्ठभागही आपल्याखालून सुमारे पाच मीटर उतरलेला असतो. तेव्हा एखादी वस्तू सेकंदाला आठ किलोमीटर आडवी गेली, तर ती जितकी पडेल तितकीच जमीनही खाली वळेल. वस्तू पडत राहील आणि जमिनीपासूनचे अंतर मात्र घटणार नाही. उंच डोंगरावर तोफ ठेवून गोळा अधिकाधिक वेगाने उडवत न्यायचा, म्हणजे शेवटी तो पृथ्वीला वळसा घालून मागून येईल, हे चित्र न्यूटनच्या मृत्यूनंतर १७२८ साली छापल्या गेलेल्या पुस्तकात आहे. त्याच्या कल्पनेतला डोंगर काही शंभर मैल उंच असण्याचे कारण नव्हते. हवा नसती, तर मैदानातूनही हे जमले असते.

याचा पुरावा त्याने चंद्रात शोधला. चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट आहे. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढ कमी होत असेल, तर चंद्रावर ती साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० पटींनी कमी असली पाहिजे. चंद्र सेकंदाला सुमारे एक किलोमीटर पुढे जातो, आणि तेवढ्या वेळात सरळ रेषेपासून पृथ्वीकडे किती ढळतो हे त्याचे अंतर आणि २७.३ दिवसांचा परिभ्रमणकाळ यांवरून काढता येते. उत्तर येते १.३६ मिलिमीटर. जमिनीवरच्या ४.९ मीटरांना ३,६०० ने भागा, तेच उत्तर. एका किलोमीटरच्या धावेत दीड मिलिमीटरही नाही इतके ते ढळणे, पण तेच साठत साठत महिन्याभरात पूर्ण वर्तुळ होते. फळाचे पडणे आणि चंद्राचे फिरणे ही एकच घटना आहे हे या भागाकाराने ठरले. विज्ञानाच्या इतिहासात याच्याइतका छोटा आणि याच्याइतका दूरवर पोहोचणारा हिशेब मला दुसरा दिसत नाही.

इथे महाराष्ट्रात एक आक्षेप हमखास येतो आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. भास्कराचार्यांनी हे न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी सांगितले नव्हते का? चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला जवळचा आहे. ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीतील गोलाध्यायात पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती असून ती आकाशातील जड वस्तूला स्वतःकडे ओढते, असे भास्कराचार्य स्पष्ट म्हणतात. सगळीकडे सारखेच आकाश असताना पृथ्वीने पडायचे तरी कुठे, हा त्यांचा प्रतिप्रश्नही अस्सल आहे. पृथ्वीला शेष किंवा हत्ती यांचा आधार मानणाऱ्या कल्पना त्याने निकालात निघतात. पण सिद्धान्तग्रंथांत ग्रहनक्षत्रांना फिरवणारा असतो तो प्रवह नावाचा वायू. फळाला ओढणारी शक्ती चंद्रालाही ओढते आणि चंद्राचे फिरणे म्हणजे तेच पडणे, ही जोड तिथे नाही. भास्कराचार्यांचे मोठेपण त्यांच्या ग्रहगणितात आणि बीजगणितात भरपूर आहे. जे त्यांनी म्हटले नाही ते त्यांच्या नावावर घातल्याने ते वाढत नाही.

दुसरा आक्षेप पाठ्यपुस्तकातून येतो. गोफण फिरवली की दगड बाहेर ओढ घेतो आणि दोरी त्याला आत ओढते; तसेच ग्रहावर आतली ओढ आणि बाहेरची ओढ यांचा तोल साधला जातो आणि म्हणून ग्रह पडत नाही, असे अनेकांनी शिकलेले असते. गोफणीचा दाखला दोरीपुरता ठीक आहे. दोरी सुटली की दगड स्पर्शरेषेने सरळ जातो, बाहेरच्या दिशेला उडत नाही, हे कुठल्याही गुराख्याला ठाऊक असते. पण तोलाची भाषा आली की गोंधळ सुरू होतो. वस्तूवरची सगळी बले एकमेकांना पुरेपूर छेद देत असतील, तर ती सरळ रेषेत जायला हवी. वळण्याचे कारणच उरत नाही. केंद्रोत्सारी बल हे फिरत्या चौकटीत बसून हिशेब करणाऱ्याच्या सोयीचे पद आहे. फिरणाऱ्या झोपाळ्यात बसलेल्याला ते जाणवते यात शंका नाही, पण बाहेर उभे राहून सूर्यमाला पाहणाऱ्याला ग्रहावर एकच ओढ दिसते, सूर्याकडची.

तोलाची कल्पना कशी तोकडी पडते हे खुद्द ग्रहांच्या कक्षाच दाखवतात. ग्रह वर्तुळात फिरत नाहीत. मंगळाची टायको ब्राहेने घेतलेली निरीक्षणे आणि वर्तुळांवर बेतलेले आपले गणित यांत केप्लरला आठ कलांचा फरक आढळला. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या साधारण पाव भागाएवढा हा फरक. दुसऱ्या कोणी तो निरीक्षणाच्या चुकीखाली ढकलला असता. केप्लरने ढकलला नाही, वर्षानुवर्षे आकडेमोड केली आणि १६०९ मध्ये कक्षा लंबवर्तुळ असल्याचे जाहीर केले. आपली पृथ्वीही जानेवारीच्या सुरुवातीला सूर्यापासून सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटींवर. जवळ असताना तिचा वेग सेकंदाला ३०.३ किलोमीटर, लांब असताना २९.३. म्हणजे जुलैपासून जानेवारीपर्यंत ती सूर्याकडे सरकत आणि वेग घेत असते, आणि उरलेले सहा महिने तोच वेग खर्च करून लांब जाते. कायमचा तोल असता, तर हे अंतर बदललेच नसते. कक्षा म्हणजे पडण्याने वेग मिळवायचा आणि त्या वेगाने पुन्हा अंतर विकत घ्यायचे, असा न थांबणारा व्यवहार आहे.

मग सूर्य एवढा ओढतो तर पृथ्वी त्यात एक दिवस जाऊन पडेल का? उलट, सूर्यात पडणे ही सूर्यमालेतली अत्यंत अवघड गोष्ट आहे. पृथ्वीवरून निघालेले प्रत्येक यान पृथ्वीचा सेकंदाला ३० किलोमीटरचा आडवा वेग वारसा म्हणून घेऊनच निघते. सूर्यमाला सोडून जायचे असेल, तर त्यात सुमारे १२ किलोमीटरची भर पुरते. सूर्यात पडायचे असेल, तर ते ३० च्या ३० पुसून टाकावे लागतात. दोन्हींतले जवळचे कोणते हे अंतर पाहून ठरवायला गेलो, तर हमखास चुकू. नासाचे पार्कर यान ऑगस्ट २०१८ मध्ये निघाले. सूर्याजवळ जाण्यासाठी त्याला शुक्राच्या शेजारून सात वेळा जावे लागले आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा वेग शुक्राला देऊन टाकावा लागला. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवर पोहोचले, आणि तिथेही पडत पडत सेकंदाला १९० किलोमीटरहून अधिक वेग घेऊन पुन्हा बाहेर निघाले.

आता आपल्या ओळखीच्या मोहिमेकडे येऊ. चांद्रयान ३ ने १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोटा सोडले आणि २३ ऑगस्टला सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी त्याचा विक्रम लँडर चंद्रावर उतरला. अपोलो ११ तीन दिवसांत चंद्राच्या कक्षेत गेले होते, मग आपल्याला चाळीस दिवस का लागले, असे त्या वेळी पुष्कळांनी विचारले. काहींच्या बोलण्यात कमीपणा होता, तर काहींच्या बोलण्यात उलट टोकाचा अभिमान, की आपण इंधनाशिवाय गुरुत्वाकर्षणाला फसवले. या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवून आकडे पाहू. रॉकेटने यानाला साधारण १७० गुणिले ३६,५०० किलोमीटरच्या लांबट कक्षेत सोडले. पुढे अकरा दिवसांत पाच वेळा इंजिन चालवले गेले. कक्षेचे दूरचे टोक ४१,७६२, मग जवळपास तिथेच, मग ५१,४००, मग ७१,३५१ आणि २५ जुलैला १,२७,६०३ किलोमीटरवर गेले. १ ऑगस्टला ते ३,६९,३२८ वर पोहोचले, म्हणजे चंद्राच्या वाटेला लागले. आणि जवळचे टोक? या सगळ्या काळात ते १७० वरून २८८ किलोमीटरपर्यंत, एवढेच हलले.

या आकड्यांत माझा सगळा मुद्दा सामावलेला आहे. पहिल्या कक्षेत पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना यानाचा वेग सेकंदाला सुमारे १०.३ किलोमीटर भरतो. चंद्राच्या वाटेला लागायला तिथेच सुमारे १०.९ लागतो. म्हणजे सहा-सात टक्क्यांची भर, आणि तेवढ्याने दूरचे टोक दहापट लांब गेले. शिवाय यानाला वर ढकलणारे असे कोणीच नव्हते. इंजिन चालवले ते पृथ्वीजवळून जाताना, प्रवासाच्या दिशेने, आडवे. एका बाजूला वेग दिला आणि उंची वाढली ती पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, तीही कित्येक तासांनी. नेमके जवळच्या टोकाला इंजिन चालवण्यालाही कारण आहे. तेवढेच इंधन जाळून वेगात होणारी वाढ कुठेही तेवढीच असते, पण वस्तू आधीच वेगात असताना ती वाढ ऊर्जेत कितीतरी जास्त भर घालते. दूरच्या टोकाला याच यानाचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास होता. तिथे जाळलेले इंधन या कामापुरते जवळजवळ वाया गेले असते.

यावर कोणी म्हणेल की हे सारे समर्थन आहे. खरे कारण आपले रॉकेट लहान, हेच. ते कारण खरेच आहे आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. अपोलोच्या सॅटर्न ५ रॉकेटने चंद्राकडे चाळीस टनांहून अधिक वजन पाठवले. आपल्या यानाचे वजन ३.९ टन होते. पण टप्प्याटप्प्याने जाण्याचा फायदा केवळ इंधनाचा नसतो. चुकीला जागा मिळते, हा त्याहून मोठा फायदा. मंगळयान पृथ्वीभोवती फिरत असताना ११ नोव्हेंबर २०१३ च्या चौथ्या टप्प्यात त्याला सेकंदाला १३० मीटर वेग मिळायचा होता, मिळाला ३५ मीटर. यान कुठे भरकटले नाही. ते आपल्या कक्षेत फिरत राहिले, कारण फिरत राहायला इंजिन लागतच नाही. दुसऱ्या दिवशी उरलेला वेग देऊन काम पूर्ण केले गेले. एका दमात मंगळाकडे निघालेल्या यानाच्या वाट्याला ही संधी आली नसती.

पोहोचल्यावर प्रश्न उलटा होतो. चंद्र किंवा मंगळ यानाला खेचून आपल्याभोवती ठेवून घेतो, असे आपण बोलतो. तसे घडत नाही. लांबून येणारे यान ग्रहाकडे पडता पडता वेग घेते आणि त्याच वेगाने पलीकडे निघून जाते. त्याला तिथे ठेवायचे असेल, तर वेग काढून घ्यावा लागतो. २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी मंगळयानाने तोंड फिरवून सुमारे २४ मिनिटे इंजिन चालवले आणि सेकंदाला १,०९९ मीटर वेग टाकून दिला. तेवढे केल्यावर मिळालेली कक्षाही ४२१ गुणिले ७६,९९३ किलोमीटर इतकी लांबट होती. दहा महिने थंड पडून असलेले ते इंजिन पेटले नसते, तर मंगळाच्या अगदी शेजारून जाऊनही यान मंगळाचे झाले नसते.

वेग थोडा जास्त काढला तर काय होते, हे त्याच ऑगस्ट २०२३ मध्ये दिसले. रशियाचे लूना २५ हे यान ११ ऑगस्टला निघून १६ तारखेला चंद्राच्या कक्षेत पोहोचले होते. १९ ऑगस्टला त्याला उतरण्याआधीच्या खालच्या कक्षेत न्यायचे होते. इंजिन ८४ सेकंद चालायचे होते. ते १२७ सेकंद चालले. जादा ४३ सेकंदांत यानाचा वेग ठरल्यापेक्षा किती घटला असेल? हिशेब केला तर सेकंदाला दहा मीटरांच्या आसपास, सायकलस्वाराने दमून गाठावा एवढा. चंद्राभोवती सेकंदाला १.६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या यानासाठी हा फरक एक टक्काही नाही. पण कक्षेचे खालचे टोक तेवढ्याने चंद्राच्या पृष्ठभागाखाली गेले आणि यान आदळले. नासाच्या यानाला नंतर त्या जागी सुमारे दहा मीटर रुंदीचे ताजे विवर दिसले. दुसऱ्याच दिवशी, २० ऑगस्टला, विक्रमने तीच क्रिया केली आणि २५ गुणिले १३४ किलोमीटरच्या कक्षेत स्थिर झाला. दोन देशांच्या यानांत त्या दोन दिवसांत जो फरक पडला, तो काही सेकंदांच्या ज्वलनाचा होता.

वेगाचे हे गणित आपल्या सहजबुद्धीला किती परके आहे, ते निष्णात वैमानिकांनाही अनुभवावे लागले. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ या यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या सुटलेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. टप्पा समोर दिसत होता, त्यांनी त्याच्या दिशेने जोर लावला आणि अंतर वाढतच गेले. पुढे जोर लावल्याने कक्षा वर उचलली जाते आणि वरच्या कक्षेतला प्रवास सावकाश होतो. पुढच्याला गाठायचे असेल, तर आधी वेग कमी करून खाली उतरावे लागते. खालची वाट वेगवान असते. बुध सूर्याभोवती सेकंदाला ४७ किलोमीटरने धावतो, नेपच्यून साडेपाचनेही नाही, ते याच कारणाने. ही रीत पचवल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जेमिनी ६ अ आणि जेमिनी ७ ही याने एकमेकांच्या शेजारी आली.

आतापर्यंत मी मोठी वस्तू ओढते आणि लहान पडते असेच बोलत आलो. तेही पुरते खरे नाही. पडणे दोन्ही बाजूंनी असते. चंद्र पृथ्वीकडे पडतो तशी पृथ्वीही चंद्राकडे पडते, आणि दोघेही पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४,६७० किलोमीटरवरच्या एका बिंदूभोवती फिरतात. तो बिंदू पृथ्वीच्या पोटात असल्यामुळे आपल्याला ते जाणवत नाही. प्लूटो आणि त्याचा चंद्र शॅरन यांच्यात हा बिंदू प्लूटोच्या बाहेर, मोकळ्या जागेत आहे. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला, तोही ग्रह न पाहता. त्यांनी पाहिले ते ताऱ्याचे सेकंदाला पन्नास-साठ मीटरचे मागेपुढे होणे. तारा ग्रहाकडे पडत होता. दुसऱ्या टोकाला डिमॉर्फोस हा सुमारे १६० मीटरचा दगड आहे. तो डिडिमॉस या जेमतेम पाऊण किलोमीटरच्या लघुग्रहाभोवती फिरतो, आणि त्याचा वेग आहे सेकंदाला सुमारे १७ सेंटिमीटर. रांगणारे मूल त्याच्यापुढे जाईल. इतकी क्षीण ओढ, इतका मंद वेग, आणि तरी कक्षा पक्की. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान त्याच्यावर आदळवले गेले आणि ११ तास ५५ मिनिटांची त्याची फेरी अर्ध्या तासाहून अधिक कमी झाली. माणसाने एखाद्या खगोलाची कक्षा मुद्दाम बदलली, असे पहिल्यांदाच घडले. तेही त्याचा वेग किंचित कमी करून.

जाणकार इथे विचारतील की आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षण हे बलच नाही असे दाखवल्यावर या ओढीच्या भाषेचे काय? बुधाच्या कक्षेचे टोक शतकाला ४३ विकला इतके जादा सरकते, न्यूटनच्या गणिताला त्याचे कारण सापडत नव्हते, आणि १९१५ मध्ये व्यापक सापेक्षतेने ते अचूक दिले. हे सगळे मान्य. पण त्या सिद्धान्ताने पडणे रद्द केलेले नाही. मुक्तपणे पडणे हीच वस्तूची स्वाभाविक अवस्था आणि जमिनीने अडवून धरलेले आपण हाच अपवाद, असे म्हणून त्याने ते आणखी पक्के केले. आदित्य एल १ या यानाविषयीची शंकाही अशीच सुटते. ६ जानेवारी २०२४ पासून ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या रिकाम्या बिंदूभोवती फिरते आहे, मग त्याला कोण ओढते? ते पडते आहे सूर्याकडेच, आणि वर्षात सूर्याची एक फेरीही पूर्ण करते. सूर्याच्या जास्त जवळ असल्यामुळे एरवी ते पृथ्वीच्या पुढे गेले असते. पृथ्वीची उलट ओढ त्याला सोबत ठेवते. रिकाम्या बिंदूभोवतीचा त्याचा सुमारे १७८ दिवसांचा फेरा या दोन ओढींच्या मेळातून निघतो, आणि तो नाजूक असल्यामुळे अधूनमधून इंजिनाने सावरावा लागतो.

पडणे अखंड असते असे म्हटले, पण कुठलीही कक्षा अढळ नसते. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर टाकून कळले, की चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातो आहे. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फिरणे मंदावते आणि ती गती चंद्राच्या कक्षेत जमा होते. मंगळाचा चंद्र फोबॉस मंगळाच्या दिवसापेक्षा लवकर, साडेसात तासांच्या आसपास एक फेरी पुरी करतो, म्हणून तिथे हाच व्यवहार उलटा चालतो. तो शतकाला दोनेक मीटर खाली येतो आहे. पृथ्वीजवळच्या उपग्रहांना विरळ हवाच पुरते. सूर्य सक्रिय झाल्याने वरचे वातावरण फुगले आणि ठरल्यापेक्षा आधी, ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब कोसळली. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतही तेव्हा भीती पसरली होती.

हवा आहे तिथे पडणे पुरे होते. हवा नाही तिथे ते शतकानुशतके चालते. याचा परिणाम आज आपल्या दाराशी आला आहे. २००७ मध्ये चीनने सुमारे साडेआठशे किलोमीटरवरचा आपला उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. फेब्रुवारी २००९ मध्ये एक चालू आणि एक निकामी उपग्रह सुमारे ७९० किलोमीटरवर एकमेकांवर आदळले. त्यांचे अनेक तुकडे अजून फिरत आहेत. आपण २७ मार्च २०१९ च्या मिशन शक्तीत तीनशे किलोमीटरच्याही खाली उपग्रह पाडला, म्हणून बहुतेक तुकडे लवकर जळून गेले. पण ज्यांना धडकेत जादा वेग मिळाला ते वरच्या कक्षांत गेले आणि काही वर्षाहून अधिक काळ टिकले. अंतराळ एवढे अफाट असताना थोड्या कचऱ्याने काय बिघडते, असे म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे: सेकंदाला सात-आठ किलोमीटरने जाणाऱ्या पडत्या वस्तूला थांबता येत नाही, वळता येत नाही आणि तिच्या वाटेवर तिच्यासारख्याच हजारो वस्तू आहेत.

म्हणून मला मेघा ट्रॉपिक्स या उपग्रहाचा शेवट त्याच्या कामाइतकाच मोलाचा वाटतो. २०११ मध्ये भारत आणि फ्रान्स यांनी मिळून सोडलेला हा सुमारे एक टनाचा हवामान उपग्रह ८६७ किलोमीटरवर होता. तसाच सोडला असता, तर तो शंभराहून अधिक वर्षे फिरत राहिला असता. इस्रोने त्यात उरलेले सुमारे १२० किलो इंधन खर्चून, ऑगस्ट २०२२ पासून वीस वेळा त्याचा वेग कमी करत त्याला खाली आणले आणि ७ मार्च २०२३ रोजी प्रशांत महासागरावर त्याचे पडणे पुरे केले. अशा रीतीने खाली आणण्यासाठी तो मुळात बनवलेलाच नव्हता, तरी हे काम केले गेले. २०३० पर्यंत सरकारी असो वा खासगी, प्रत्येक भारतीय मोहीम मागे कचरा न ठेवणारी असावी, असे उद्दिष्ट इस्रोने २०२४ मध्ये जाहीर केले आहे. अंतराळातील परिस्थितीचा अहवाल इस्रो दर वर्षी प्रसिद्ध करते. प्रक्षेपणाच्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या आपण सगळ्यांनी तो वाचावा, शाळा-महाविद्यालयांत त्यावर चर्चा घडवावी, आणि दर नव्या उपग्रहाबरोबर हा प्रश्न विचारावा: याचे काम संपल्यावर याला खाली कोण आणणार, केव्हा आणि कुठल्या इंधनाने?